सहा नंबरचा फॉर्म की आठ नंबरचा? मतदार नोंदणी सेवेचं सोलापुरी परीक्षण

निवडणूक आयोगाच्या ऑनलाइन मतदार नोंदणी सेवेला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो नावांच्या मराठी रूपांतरासाठी. पूर्ण एक तारा गेला तो अर्ज भरल्यापासून बीएलओ, म्हणजे बूथपातळीवरचा निवडणूक अधिकारी, दारात येईपर्यंतच्या मधल्या शांततेसाठी. बाकी सेवा फुकट आहे, घरबसल्या आहे आणि कागदपत्रं हाताशी असली तर चहा निवायच्या आत अर्ज भरून होतो. तरीही सोलापुरात अर्ज अडकतात, फेटाळले जातात, मतदानाच्या सकाळी नाव सापडत नाही. यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच असतं. आपलं नाव यादीत आधीपासून आहे का, असेल तर कुठं आहे, हे न बघताच माणूस नवा अर्ज भरायला बसतो.

म्हणून परीक्षणाची सुरुवात अर्जापासून नाही, शोधापासून.

शोधाचं पान वेगळं आहे आणि त्याला लॉगिन लागत नाही. मुख्य पोर्टल ‘व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन’, त्यावर यादीत नाव शोधायची कळ आहे. तिथं तीन वाटा दिसतात: एपिक नंबरवरून, मोबाइल नंबरवरून आणि नाव-वय-मतदारसंघ भरून. पहिली वाट बिनचूक. एपिक नंबर म्हणजे व्होटर कार्डावरची तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. मोबाइलची वाट तुमचा नंबर यादीतल्या नोंदीला जोडलेला असेल तरच चालते, आणि जुन्या कार्डवाल्यांचा बहुधा नसतो. नावानं शोधायची वाट सोलापुरात सगळ्यात जास्त दगा देते, त्याचं कारण पुढं येतंच.

नावानं शोधताना मतदारसंघ निवडावा लागला की शहरातली माणसं हटकून चुकतात. महापालिकेच्या हद्दीत राहतो म्हणजे आपण ‘शहर’ मतदारसंघात, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात शहर तीन विधानसभा मतदारसंघांत विभागलंय: २४८ सोलापूर शहर उत्तर, २४९ सोलापूर शहर मध्य आणि २५१ सोलापूर दक्षिण. जुळे सोलापूर, विजापूर रोड या बाजूचा मोठा भाग दक्षिणमध्ये मोडतो. तिथला माणूस ‘उत्तर’ आणि ‘मध्य’ दोन्हीकडं शोधून ‘नाव उडालं’ म्हणून बोंब मारतो, आणि नाव दक्षिणच्या यादीत शांतपणे बसलेलं असतं. जिल्ह्यात एकूण अकरा मतदारसंघ आहेत, करमाळ्याच्या २४४ पासून माळशिरसच्या २५४ पर्यंत. लोकसभेला तर आणखी गंमत. बार्शी धाराशिवच्या लोकसभा मतदारसंघात, करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस माढ्यात, उरलेले सहा सोलापुरात.

नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: मतदारसंघाचा क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक. बूथवर कर्मचारी कार्ड बघायच्या आधी हेच विचारतात. अनुक्रमांक यादीच्या प्रत्येक पुनरीक्षणानंतर बदलू शकतो, तेव्हा मागच्या निवडणुकीची चिठ्ठी जपून ठेवण्यात अर्थ नाही.

आता फॉर्म. पूर्वी फॉर्मचा गोंधळ बराच होता. १ ऑगस्ट २०२२ पासून तो आवरला. नवीन नाव घालायला सहा नंबर. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ६-अ. आधीच्या मतदारानं स्वेच्छेनं आधार जोडायला ६-ब. नाव वगळायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला सात. आणि उरलेलं सगळं आठ नंबरात: पत्ता बदलला, नाव-वय-फोटो चुकला, कार्ड हरवलं, दिव्यांगत्वाची नोंद करायची. मतदारसंघ बदलला तरी आठच. इथंच सेवा कमी पडते. पोर्टलच्या पहिल्या पानावर सहा नंबरचा फॉर्म ठळक दिसतो, माणूस तोच उघडतो, आणि पंचवीस वर्षं मतदान केलेली बाई कागदोपत्री ‘नवीन मतदार’ होऊन बसते. सहा नंबरच्या फॉर्मवर ‘माझं नाव इतर कोणत्याही यादीत नाही’ असं प्रतिज्ञापन असतं. ते खोटं ठरलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सहसा कुणाला जेलात टाकत नाहीत हे खरं, पण दोन एपिक नंबर आले की पुढं एक कुठला तरी वगळला जातो, आणि तो नेमका तुम्ही वापरत असलेला असू शकतो.

वयाबद्दल एक जुना समज अजून फिरतोय की १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. तो नियम बदलून झाला. आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. अठरा भरतील त्या तिमाहीत अर्ज विचारात घेतला जातो. बारावीचा निकाल घ्यायला कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे त्याच दिवशी सांगितलं तर बरं.

कागदपत्रांचं दोन भागांत बघा. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट किंवा दहावी-बारावीचं गुणपत्रक. यात फारसं अडत नाही. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यात. चालतात ती कागदपत्रं अशी: वर्षभराच्या तरी जोडणीचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेचं वा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा म्हणजे आपला सातबारा, नोंदणीकृत भाडेकरार, नोंदणीकृत खरेदीखत. यादीत रेशनकार्ड नाही हे नीट वाचा. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत रेशनकार्ड हाच सगळ्यात जपलेला कागद असतो आणि अर्जाला तोच आधी जोडला जातो. भाडेकरूंची अडचण वेगळी. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार इथं चालत नाही, दुय्यम निबंधकाकडं किंवा ऑनलाइन नोंदवलेलाच लागतो. वीजबिल घरमालकाच्या नावाचं असेल तर उपयोग नाही. बिल अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं हवं, नाहीतर त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या आई, वडील, नवरा, बायको किंवा सज्ञान मुलाच्या नावाचं.

यातलं काहीच नसेल तर? फॉर्ममध्येच ‘वरीलपैकी काही नसल्यास इतर दस्तऐवज’ अशी सोय आहे. मग बीएलओची प्रत्यक्ष चौकशी हाच पुरावा ठरतो. बेघर माणसाचंसुद्धा नाव अशा चौकशीवर लागू शकतं. ही सोय माहीत नसल्यामुळं झेरॉक्सच्या दुकानातून कितीतरी माणसं ‘पुरावा नाही’ म्हणून परत पाठवली जातात.

आधार नंबर द्यावाच लागतो का, हा प्रश्न कायम येतो. सहा नंबरच्या फॉर्मवर ‘माझ्याकडे आधार क्रमांक नाही’ असं लिहायची जागा आहे. आधार देणं सक्तीचं नाही, असं आयोगानं सर्वोच्च न्यायालयातही २०२३ मध्ये सांगितलंय. मात्र ऑनलाइन अर्जात २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-साइनची पायरी आली. अर्ज भरून झाला की पोर्टल तुम्हाला दुसऱ्या पानावर नेतं, तिथं आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकून संमती दिली की अर्ज पुढं सरकतो. म्हणजे कागदी अर्जात आधार ऐच्छिक, आणि ऑनलाइन वाटेवर व्यवहारात त्याच्याशिवाय गाडी हलत नाही. ज्यांचा आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलाय (आणि प्रीपेड सिम बदलणाऱ्यांच्या घरात ते नेहमीचं आहे) त्यांनी सरळ कागदी फॉर्म घेऊन बीएलओ किंवा तहसील गाठावं.

ही पायरी कटकटीची वाटली तरी तिचं कारण आपल्या शेजारचंच आहे. अक्कलकोटला लागून असलेल्या कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी सात नंबरचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासणीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या मोबाइलवरून कुणाचंही नाव उडवायचा प्रयत्न करता येत होता. ई-साइननं ते अवघड केलं. या एका गोष्टीसाठी ओटीपीचा त्रास माफ.

आता तो कापलेला अर्धा तारा. अर्जात नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप येतं. पुण्या-साताऱ्याकडच्या नावांना ते बऱ्यापैकी जमतं. सोलापुरात मात्र मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही वळणांची आडनावं एकाच गल्लीत नांदतात आणि तिथं यंत्र गडबडतं. पद्मशाली समाजातलं ‘येमूल’ कधी ‘येमुल’ होतं, कधी ‘यमूल’. ‘बोल्ली’तला एक ल गळतो. ‘हिरेमठ’चा ‘हिरेमथ’ होतो, ‘बिराजदार’चा ‘बिरजदार’. ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेनं लिहिलं जातं आणि प्रत्येकाचं मराठी वेगळं येतं. यादी मराठीत छापली जाते. नावानं शोधताना तुम्ही बरोबर लिहिता, यादीत चुकीचं आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. म्हणून आपोआप आलेलं मराठी तसंच सोडू नका. त्या रकान्यात क्लिक करून मराठी कीबोर्डनं हातानं दुरुस्त करा.

दुसरी चूक नावाच्या क्रमाची. आपल्याकडं सरकारी कागदावर आडनाव आधी लिहायची सवय. या फॉर्ममध्ये पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्या रकान्यात आडनाव. सवयीनं उलटं भरलं की कार्डावर आडनाव हेच नाव होऊन येतं, आणि आधारशी जुळत नाही म्हणून ई-साइनलाही अडतं.

फोटो पासपोर्ट आकाराचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, समोर बघणारा. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. आधारचा फोटो काढून, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानदाराला पाठवून अपलोड केलेली कागदपत्रं अनेकदा वाचताच येत नाहीत, आणि ‘दस्तऐवज अस्पष्ट’ म्हणून अर्ज परत येतो. थेट स्कॅन करा किंवा उजेडात सरळ फोटो काढा.

आणि मोबाइल नंबर! सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत अर्ज भरला तर तिथला पोरगा वेळ वाचवायला स्वतःचाच नंबर टाकतो. ओटीपी त्याला, संदेश त्याला, पुढं ई-एपिक डाउनलोड करायची वेळ आली की पुन्हा त्याच्याकडं. ई-एपिक म्हणजे कार्डाची पीडीएफ, २५ जानेवारी २०२१ पासून मिळते. ती सहज मिळण्यासाठी नोंदीला तुमचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाच्या नोंदीला न जोडलेला नंबर लागतो. घरातल्या पाच जणांना एकच नंबर जोडला तर हा मार्ग खडतर होतो. चुकलेला नंबर आठ नंबरच्या फॉर्मनं बदलता येतो.

अर्ज पाठवला की संदर्भ क्रमांक येतो. त्यावरून मागोवा घेता येतो, पायऱ्या दिसतात: अर्ज दाखल, बीएलओ नेमला, प्रत्यक्ष पडताळणी, मग स्वीकारला किंवा नाकारला. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये अर्ज मुरतो. बीएलओ हा काही पूर्णवेळ निवडणुकीचा माणूस नव्हे. तो शिक्षक असतो, अंगणवाडी सेविका असते, महापालिकेचा कर्मचारी असतो. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी तो गल्लीत येतो. दाराला कुलूप दिसलं की शेजारी विचारतो. शेजाऱ्यानं ‘ते इथं राहत नाहीत’ म्हटलं की अहवाल तसा जातो. कामगार वस्तीत नवरा-बायको दोघं सकाळी कारखान्यात, त्यामुळं कुलूप हीच नेहमीची अवस्था. उपाय साधा आहे: अर्ज केला की वाट बघत बसू नका. शोधाच्या पानावर तुमच्या यादी भागाच्या बीएलओचं नाव आणि नंबर मिळतो, त्याला आधी फोन करा. पोर्टलवर आणि अ‍ॅपवर बीएलओला फोन करायला लावायची विनंती नोंदवायचीही सोय आहे. तेही जमलं नाही तर १९५० वर फोन लावा. मोबाइलवरून जिल्ह्याच्या केंद्राला लावताना आधी सोलापूरचा ०२१७ जोडा.

पत्त्याच्या रकान्यातही थोडी मेहनत घ्या. ‘अमुक नगर, सोलापूर’ एवढं लिहिलं तर बीएलओ काय शोधणार? घर नंबर, सोसायटीचं नाव, जवळचं मंदिर, मशीद, शाळा किंवा चौक लिहा. घरातल्या आधीच मतदार असलेल्या कुणाचा तरी एपिक नंबर द्यायला फॉर्ममध्ये जागा आहे. तो दिला तर तुमचं नाव त्याच यादी भागात लागायची शक्यता वाढते, नाहीतर आई एका शाळेत आणि मुलगा दुसऱ्याच शाळेत मतदानाला जातो.

अर्ज आल्यावर त्यावर हरकत घ्यायला सात दिवस ठेवले जातात. त्यामुळं आजचा अर्ज उद्या मंजूर होत नाही. नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं पहिलं अपील, त्यावरही समाधान नसेल तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं दुसरं.

मुदतीचं गणित मात्र डोक्यात पक्कं बसवा. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही, आणि त्याच्या साधारण दहा दिवस आधी आलेला अर्जच वेळेत निकाली निघतो. २०२४ च्या विधानसभेचं बघा. कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, उमेदवारीची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, म्हणजे नोंदणीची मुदत १९ ऑक्टोबर. घोषणेनंतर हातात उरले चार दिवस. ‘आचारसंहिता लागली की बघू’ म्हणणाऱ्यांची गाडी तिथंच सुटली.

पत्ता बदलण्याचा विषय सोलापुरात मोठा आहे. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार पूर्व भागातल्या भाड्याच्या खोल्या सोडून कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेले, आणि आता रे नगरमध्ये जातायत. रे नगरची पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली. शहर मध्यमधून कुंभारीला गेलात की विधानसभा मतदारसंघच बदलतो, महापालिकाही सुटते. अशा वेळी आठ नंबरच्या फॉर्ममध्ये ‘स्थलांतर’ निवडून त्यात ‘मतदारसंघाबाहेर’ वर खूण करा. एपिक नंबर तोच राहतो, कार्ड नव्या पत्त्याचं येतं. नवीन सहा नंबर भरू नका, हे पुन्हा सांगायला हवं, कारण वसाहतीच्या शिबिरांत घाईघाईत तेच भरून घेतलं जातं.

पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांचं काय? सोलापुरातले निम्मे तरुण हिंजवडी-वाघोलीत आणि नाव अजून आई-वडिलांच्या यादीत, ही घरोघरची स्थिती. कायद्याला ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवा. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. पुण्यात राहता, पुण्याच्या रस्त्यांवर चिडता, तर आठ नंबर भरून नाव तिकडं न्या. मतदानाला इंद्रायणी पकडून यायची हौस असेल तर ती हौस आहे, नियम नव्हे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र निवड आहे: घरच्या पत्त्यावर राहा किंवा संस्थाप्रमुखाचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवा.

८५ वर्षं पूर्ण झालेले आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार लोकसभा-विधानसभेला घरून मतदान करू शकतात. अट एवढीच की निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-ड फॉर्म दिला पाहिजे. एकदा हा पर्याय घेतला की मग बूथवर मतदान करता येत नाही. पाच दिवस फार कमी आहेत. बीएलओ घरी येऊन फॉर्म देतो खरा, पण त्याच्या भरवशावर न राहिलेलं बरं.

मतदानाच्या दिवसाची सेवा नोंदणीपेक्षा उजवी आहे. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, २०१९ पासून ती फक्त माहितीसाठी. कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यापैकी काहीही चालतं. कार्ड हातात आहे पण यादीत नाव नाही, तर मतदान नाही. वाद घालून उपयोग होत नाही, केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं. ई-एपिक फोनमध्ये ठेवून गेलात तर फोनच दाराबाहेर ठेवावा लागतो. प्रिंट काढून न्या.

आत पहिला कर्मचारी नाव मोठ्यानं वाचतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळं करतो. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत तुमच्या उमेदवाराची चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघा, बहुतेक जण बीप ऐकूनच वळतात. चिठ्ठी वेगळी दिसली तर तक्रार करता येते, पण लेखी प्रतिज्ञापन देऊन. मग चाचणी मत घेतात आणि तक्रार खोटी निघाली तर तो गुन्हा ठरतो. तुमच्या नावानं आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि ‘प्रदत्त मत’ मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. वेळ संपताना रांगेत असलेल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढं येतात, चिठ्ठी असेल त्याला मतदान मिळतंच. मे महिन्यातली निवडणूक असेल, जशी ७ मे २०२४ ची सोलापूर लोकसभेची होती, तर सकाळी दहाच्या आत उरका. दुपारचं आपलं ऊन रांगेत उभं राहण्यासारखं नसतं.

महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो आयोग वेगळा, पण यादी त्याची स्वतःची नसते. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची उचलून प्रभागांत तोडली जाते. १५ जानेवारी २०२६ च्या, ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत आलेल्या महापालिकेच्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर जी हरकत मागवतात ती ‘माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलं’ एवढ्यासाठी. नवीन नाव तिथं लागत नाही, आणि दर वेळी लोक ते घालायलाच झोन कार्यालयात रांग लावतात. सोलापुरात २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडायचे असतात. २४ प्रभाग चार जागांचे, दोन तीन जागांचे. म्हणजे एका मतदाराला तीन किंवा चार बटणं दाबायची. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथं ‘नोटा’ दाबा, बटण न दाबताच निघालात तर मतदान अर्धवट राहतं आणि कर्मचारी मागं बोलावतात. व्हीव्हीपॅट या निवडणुकीत नसतं.

राहिली विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची नोंदणी, आणि ही सगळ्यात कमी लोकांना कळते. सोलापूर जिल्हा पुणे विभागाच्या दोन्ही मतदारसंघांत येतो, सोबत पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर. मागचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं आणि मुदत सहा वर्षांची. इथं विधानसभेच्या यादीतलं नाव कामाला येत नाही. मागच्या वेळी मतदान केलेल्यांचंही नाव पुढं चालत येत नाही, दर वेळी यादी कोऱ्या पाटीपासून होते. पदवीधरांना १८ नंबरचा फॉर्म, शिक्षकांना १९. अर्हता तारीख १ नोव्हेंबर. पदवी त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधीची हवी, म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ च्या यादीसाठी १ नोव्हेंबर २०२२ पूर्वीची. शिक्षकांना मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं, प्राथमिक शाळेतले गुरुजी यात बसत नाहीत. पक्षाचा कार्यकर्ता गठ्ठ्यानं अर्ज नेऊन देतो म्हणाला तर त्याच्याकडं देऊ नका, गठ्ठ्यातले अर्ज स्वीकारले जात नाहीत. घरातल्या माणसांचे अर्ज घरातल्यानं देणं आणि संस्थेतल्या शिक्षकांचे संस्थाप्रमुखानं देणं, एवढंच चालतं.

मतदानही निराळं. यंत्र नाही, कागद असतो आणि पसंतीक्रम आकड्यांत लिहायचा. पहिल्या पसंतीचा १ लिहिलाच पाहिजे, तो नसेल तर बाकीचे आकडे वाया. पुढचे लिहिले नाहीत तरी चालतं. बरोबरची खूण, फुली, ‘एक’ असं अक्षरात, सही, यातलं काहीही केलं तर मत बाद. आकडा मराठी असो, इंग्रजी असो की रोमन, चालतो. लिहायला केंद्रावर जांभळ्या शाईचं स्केचपेन देतात, त्यानंच लिहायचं. सवयीनं खिशातलं निळं पेन काढून १ लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या मतपत्रिका मोजणीच्या टेबलावर बाजूला पडतात.